दुसऱ्याचे विमान आपल्या हातून कोसळले तर?

सुटीच्या दिवशी मोठ्या मोकळ्या मैदानावर काही हौशी मंडळी छोटी विमाने उडवताना दिसतात. पाहणाऱ्याला ती खेळणी वाटतात. पण मोठ्या विमानाला लागू असलेले हवेचे सर्व नियम या छोट्या विमानालाही लागू असतात. समजा, तुमच्या मित्राने महिनाभर खपून असे एक विमान तयार केले आहे. तुम्ही म्हणता, “मला दोन मिनिटे उडवू दे.” तो ट्रान्स्मिटर तुमच्या हाती देतो. विमान एक सुरेख फेरी मारते. दुसऱ्या फेरीत ते एका पंखावर कलते, नाक खाली करते आणि जमिनीवर आदळते.

आता नुकसान कोणी सोसायचे? मालक म्हणतो, “तुला उडवता आले नाही.” उडवणारा म्हणतो, “तुझ्या विमानातच दोष होता.” आणि गंमत अशी की, दोघांचेही म्हणणे खरे असू शकते! म्हणून या भांडणाचा निकाल लावण्यासाठी दोन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. पहिला विज्ञानाचा : विमान का पडले? दुसरा न्यायाचा : ते कारण टाळणे कोणाच्या हाती होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी दुसऱ्याला हात घातला, तर फक्त मैत्री तुटते.

विमान का पडते?

नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे डाव्या-उजव्याचा घोटाळा. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याची उजवी बाजू आणि आपली उजवी बाजू एकच असते. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. अशा वेळी विमान सरळ करण्यासाठी हलवलेली काठी ते आणखीच कलवते. यावर अनुभवी लोक एक सोपी युक्ती सांगतात. विमान समोरून येत असेल तर त्याचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी न्यावी. जणू काही त्या पंखाखाली टेकू द्यायचा आहे.

दुसरे कारण म्हणजे ‘स्टॉल’. हवेतून वेगाने पुढे जाणारा पंखच विमानाला उचलून धरतो, आणि ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पंखाचा कोन तोच ठेवून वेग निम्मा केला तर उचल चौथाई होते. विमान खाली येऊ लागलेले पाहून नवशिका घाबरतो आणि नाक वर ओढतो. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातील कोन साधारण १२ ते १५ अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो, उचल एकाएकी कमी होते आणि विमान कोसळते. वळताना हा धोका अधिक असतो. उंची न गमावता ६० अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या पंखांना वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. त्यामुळे सरळ उडताना जे विमान सेकंदाला ८ मीटर वेगापर्यंत तग धरते, त्याला अशा वळणात ११ मीटरहून अधिक वेग लागतो.

ही दोन्ही कारणे उडवणाऱ्याच्या हातातली. पण तिसरे पाहा. विमानाचा गुरुत्वमध्य साध्या सरळ पंखाच्या बाबतीत पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सुमारे २५ ते ३३ टक्के अंतरावर असावा लागतो. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल, तर हे अंतर ५ ते साडेसहा सेंटिमीटर येते. बॅटरी थोडी मागे बसवली गेली आणि गुरुत्वमध्य मागे सरकला, तर विमान अस्थिर होते. त्याचे नाक जरा वर गेले की ते आणखी वर जाऊ पाहते. असे विमान कसलेल्या माणसालाही आवरणे कठीण जाते, मग पाहुण्याची काय कथा?

हे तुम्हाला घरी करून पाहता येईल. जाड कागदाचे साधे तरंगते विमान करा. नाकाला एक टाचणक्लिप लावून ते हळूच सोडा. ते सरळ तरंगत जाईल. आता तीच क्लिप शेपटीला लावा. विमान नाक वर करील, थबकेल आणि खाली पडेल. सोडणारा हात तोच, विमानही तेच. बदलली ती फक्त क्लिपची जागा!

चौथे कारण विजेचे. अशा विमानांत पुष्कळदा लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो, आणि तो सुमारे ३ व्होल्टच्या खाली जाऊ देणे बॅटरीला घातक असते. अर्धवट भरलेली बॅटरी लावून विमान दिले, तर मोटर मध्येच बंद पडू शकते. याशिवाय सैल झालेली बिजागरी, निखळलेली तार, उलट जोडलेला एलेरॉन ही कारणे आहेतच. काठी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखावरचा एलेरॉन वर उठला पाहिजे आणि डाव्यावरचा खाली गेला पाहिजे. जमिनीवरची ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते.

हात न लावता पाडलेले विमान

दुसऱ्याचे विमान पाडण्यासाठी त्याच्या ट्रान्स्मिटरला हात लावण्याचीही गरज नसते, हे जुन्या रेडिओ संचांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ आणि युरोपात ३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ठरावीक वाहिन्यांवर हे संच चालत. एका वाहिनीवर एकाचे विमान उडत असताना दुसऱ्याने त्याच वाहिनीचा संच सुरू केला, की विमानातील रिसीव्हरला कोणाचे ऐकावे हे कळेनासे होई आणि विमान कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी असे. तिच्यावर वाहिनीचे क्रमांक लिहिलेले चिमटे लावलेले असत. ज्याच्याजवळ त्या क्रमांकाचा चिमटा, त्यानेच संच सुरू करायचा, असा नियम असे. चिमटा न घेता ज्याने बटण दाबले, त्याच्याकडे बोट दाखवायला मग कोणालाही अडचण पडत नसे.

पुढे २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांत प्रत्येक रिसीव्हरची आपल्या ट्रान्स्मिटरशी ओळख करून दिलेली असते, त्यामुळे ही आपत्ती जवळजवळ नाहीशी झाली. पण त्या चिमट्याने शिकवलेला धडा आजही उपयोगी आहे : जबाबदारी कोणाची, हे अपघातापूर्वी ठरलेले असले की अपघातानंतर भांडावे लागत नाही.

घोड्याचा कायदा आणि विमान

एकाची वस्तू दुसऱ्याने वापरायला घेतली आणि ती मोडली, हा प्रश्न विमानापेक्षा फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १७०३ साली ‘कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड’ हा खटला गाजला. बर्नार्डने ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्यात नेऊन देण्याचे फुकट कबूल केले होते. निष्काळजीपणामुळे एक पिंप फुटले. मोबदला घेतला नव्हता तरी काम अंगावर घेतले म्हणजे काळजी घेणे आलेच, असा न्यायालयाने निर्णय दिला.

आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अशा प्रसंगांसाठी कलमे आहेत. ती समजावून देण्यासाठी कायद्याने घोड्याची उदाहरणे घेतली आहेत. आपण घोड्याच्या जागी विमान ठेवून पाहू.

कलम १५१ सांगते की, समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी दुसऱ्याच्या वस्तूची घेतली पाहिजे. कलम १५२ प्रमाणे, तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले आणि काही वेगळे ठरलेले नसेल, तर वस्तू घेणारा जबाबदार नाही. मात्र आपण काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार सामान्यतः ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याच्यावरच असतो.

कलम १५० मालकाकडे वळते. खोडकर घोडा आहे हे माहीत असून मालकाने ते न सांगता तो दुसऱ्याला बसायला दिला आणि घोड्याने त्याला पाडले, तर मालक जबाबदार. बिजागरी सैल आहे, बॅटरी मध्येच दगा देते, हे ठाऊक असून गप्प बसणारा विमानमालक याच जातीचा.

कलम १५४ सर्वांत कडक आहे. घोडा एकट्याच्या बसण्यासाठी घेतला आणि घरातल्या दुसऱ्याला बसू दिले, तर त्या दुसऱ्याने कितीही सांभाळून हाकला तरी घोड्याच्या दुखापतीची भरपाई घेणाऱ्यालाच करावी लागते. “फक्त सरळ फेऱ्या मार” असे बजावून दिलेल्या विमानाची कोलांटी मारून पाहणाऱ्याने हे कलम लक्षात ठेवावे.

कायदा जिथे थांबतो

येथे एक अडचण आहे, आणि ती नेमकी तुमच्या वयाची आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती कायद्याने करार करू शकत नाही. ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या कलकत्त्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली स्पष्ट केले की, अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक असतो. म्हणजे नववीतल्या मुलाने “मोडले तर भरून देईन” असे कागदावर लिहून दिले, तरी त्या कराराच्या जोरावर त्याच्याकडून वसुली करता येणार नाही. जाणूनबुजून मोडतोड केली तर गोष्ट निराळी. पण एरवी मैदानावर तुम्हाला बांधणारा असतो तो तुमचा शब्द. कायद्याने सक्ती केली नाही म्हणून मित्राचे महिनाभराचे काम कमी मोलाचे ठरत नाही.

शिकवणाऱ्याच्या हातातील कळ

शिकाऊ माणसासाठी एक चांगली सोय आहे. दोन ट्रान्स्मिटर एकमेकांना जोडायचे. पूर्वी ते तारेने जोडत, आता बिनतारीही जोडता येतात. एक शिकणाऱ्याजवळ, दुसरा शिकवणाऱ्याजवळ. शिकवणारा एक कळ दाबून धरतो तोपर्यंतच विमान शिकणाऱ्याचे ऐकते. कळ सोडली की ताबा गुरूकडे येतो. अशा उड्डाणात विमान पडले, तर विमान उंचावर असतानाच कळ का सोडली नाही, हे गुरूला विचारावे लागेल. ज्याच्या हाती अखेरचा ताबा, त्याची जबाबदारी मोठी.

पाहणारा माणूस

विमानाचे नुकसान मालक आणि उडवणारा आपसांत वाटून घेतील; पण कडेला उभ्या असलेल्या माणसाचे काय? दीड किलोचे विमान सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ३०० जूल होते. दीड किलोचा दगड सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ सहाव्या-सातव्या मजल्यावरून पडावा तसा हा आघात होय. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचीही व्याख्या दिलेली आहे. तेव्हा कोठे उडवायला परवानगी आहे हे मोठ्यांच्या मदतीने आधी पाहून घ्यावे. माणसांच्या डोक्यावरून विमान नेऊ नये. विमान आणि माणूस यांतले एकच वाचवता येत असेल, तर विमान, मग ते कोणाचेही असो, मोकळ्या जागी पाडावे.

पडल्यानंतर आणि पडण्यापूर्वी

मोठ्या विमानांच्या अपघातांचा तपास कसा करावा, याचे नियम १९४४ च्या शिकागो करारानुसार स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने केले आहेत. त्या कराराच्या तेराव्या परिशिष्टात म्हटले आहे की, तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष वाटणे हा नव्हे. हाच मार्ग आपणही धरावा. तुकडे घाईने गोळा करू नका. आधी बॅटरी आणि तारा पाहा. बॅटरी फुगली किंवा तापली असेल तर तिला हात न लावता दूर राहा. ती ठीक असेल तर आधी मोटरची तार काढा, मग दाब मोजा आणि काठ्या हलवून एलेरॉन आणि एलिव्हेटर अजून हलतात का ते तपासा. काय दिसले ते दोघांनी मिळून लिहून काढा. कारण सापडले की वाटणी बहुधा आपोआप ठरते.

त्याहूनही बरे म्हणजे ट्रान्स्मिटर हाती घेण्यापूर्वीच चार प्रश्न विचारावेत. विमानात काही खोड आहे का? मी यापूर्वी काय उडवले आहे? अडचण आली तर ताबा कोण घेणार? आणि मोडले तर खर्च कसा वाटायचा? पहिल्याचे उत्तर मालकाने खरे द्यावे, दुसऱ्याचे उडवणाऱ्याने.

शेवटी वर्गात चर्चेसाठी तीन प्रसंग देत आहोत. प्रत्येक वेळी आधी पडण्याचे कारण सांगा, मग जबाबदारी ठरवा.

१. मालकाने विमान तुम्हाला दिले, तुम्ही धाकट्या भावाला दिले. त्याने नीट उडवले, पण अचानक आलेल्या वावटळीने विमान पडले.

२. “मला उडवता येते” असे नवशिक्याने खोटेच सांगितले. मालकाने एकही प्रश्न न विचारता ट्रान्स्मिटर दिला. समोरून येणारे विमान चुकीच्या बाजूला कलून पडले.

३. मालकाने घाईत बॅटरी मागे बसवली आणि त्याला ते कळलेही नाही. उडवणाऱ्यानेही गुरुत्वमध्य तपासला नाही. उडताच विमानाने नाक वर केले आणि ते कोसळले.