‘फसफसणे’ : एका ध्वनिशब्दाचा विचार

उज्जैनीतील मराठी वस्ती मुख्यतः शिंद्यांच्या राजवटीबरोबर वाढली. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात येथे आपले ठाणे केले आणि १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेईपर्यंत हे नगर त्यांच्या कारभाराचे केंद्र होते. राजधानी गेली, तरी घरे राहिली. आणि घरांबरोबर स्वयंपाकघरातील मराठीही राहिली. भोवती माळवी आणि हिंदी असल्यामुळे त्या मराठीची परीक्षा रोजच होत असते. जिलबीचे पीठ वर आलेले पाहून मूल ‘बुलबुले आले’ म्हणते. आजी म्हणते, ‘पीठ फसफसले.’ दोन्ही वाक्ये खरी असली, तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. त्यांतील अंतर कोणते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

‘बुडबुडा’ आणि ‘बुलबुला’ ही सख्खी भावंडे होत. दोहोंचे मूळ संस्कृत ‘बुद्बुद’ या शब्दात आहे. मराठीत ‘द’चा ‘ड’ झाला, हिंदीत ‘ल’ आला. परंतु ही नावे वस्तूची आहेत. ‘फसफसणे’ हे क्रियापद घटनेचे आहे. द्रवातून वायू सुटणे, त्याचा बारीक आवाज होणे, फेस वर चढणे आणि प्रसंगी भांड्याबाहेर जाणे, एवढे सारे त्या एका शब्दात सामावते.

या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना त्याचा संबंध ‘फसणे’शी जोडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ‘फसणे’चे नाते ‘फास’ या शब्दाशी, म्हणजे अडकण्याशी आहे. ‘फसफसणे’मध्ये अडकणे नाही, उलट सुटणे आहे. हा शब्द ध्वनीच्या अनुकरणातून झाला. ‘फ’ उच्चारताना ओठांतून हवा सुटते, ‘स’ उच्चारताना ती घासत बाहेर पडते. आणि पिठातून किंवा सोडा घातलेल्या लिंबाच्या सरबतातून नेमके तेच घडत असते.

अनुकरणशब्द म्हणजे अशिष्ट, संस्कृत मूळ सांगता येईल तोच कुलीन, अशी एक समजूत आपल्याकडे दिसते. ती शास्त्राला धरून नाही. काक हे नाव कावळ्याच्या आवाजावरून पडले, असे यास्क निरुक्तात म्हणतो. औपमन्यवाला हे मान्य नव्हते, हेही तोच नोंदवतो. म्हणजे हा वाद यास्काहूनही जुना आहे. पाणिनीने तर अव्यक्त ध्वनीच्या अनुकरणापासून ‘पटपटाकरोति’सारखी रूपे कशी होतात, याचे स्वतंत्र नियम दिले आहेत. आणि ज्या ‘बुद्बुद’ शब्दाला आपण मूळ मानतो, त्याची द्विरुक्ती पाहता तोही पाण्याच्या आवाजावरूनच घडला असावा, हे उघड दिसते.

मराठीने अशा शब्दांत जी वाटणी केली आहे, ती लक्षात घेण्याजोगी आहे. पाणी खळखळ उकळते, आमटी रटरटते, पिठले खदखदते. द्रव जसजसा दाट, तसतसा ध्वनी जड. ही तिन्ही कामे विस्तवावरची होत. फसफसण्याला मात्र विस्तव लागत नाही. युरोपीय भाषांत आंबण्यासाठी जो शब्द रूढ झाला, त्याचे मूळ लॅटिन ‘फेर्वेरे’, म्हणजे उकळणे, या क्रियापदाकडे नेले जाते. तेथे बुडबुडे पाहून दोन क्रिया एकाच नावाखाली आल्या. वस्तुतः उकळत्या पाण्यात वाफेचे बुडबुडे असतात, तर आंबणाऱ्या पिठात ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात आणि तो वायू सूक्ष्मजीव निर्माण करतात. आंबणे हे सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी दाखवून दिले. कारण ठाऊक नसतानाही मराठी गृहिणीने या दोन क्रियांना वेगळी नावे दिली होती, कारण तिचा कान त्या वेगळ्या ऐकत होता.

लाक्षणिक अर्थांतही ही वाटणी टिकून आहे. असंतोष खदखदतो, कारण तो दाट आणि दबलेला असतो. उत्साह फसफसतो, कारण तो हलका असून आवरत नाही. क्षणभंगुर वैभवाला बुडबुडा म्हणतात. आणि श्रमाने तोंडाला फेस येतो. यांपैकी एकाच्या जागी दुसरा शब्द घालून पाहावा, म्हणजे वाक्य कसे लंगडे पडते ते कळेल.

पाठ्यपुस्तकात आज ‘किण्वन’ हा शब्द आहे. ‘किण्व’ हा प्राचीन शब्द. मद्यासाठी लागणाऱ्या आंबवणाच्या अर्थाने तो कौटिलीय अर्थशास्त्रात येतो. तेव्हा या परिभाषेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ‘किण्वन’ प्रक्रियेचे नाव सांगतो, तिचे रूप डोळ्यांपुढे उभे करीत नाही. शिक्षकाने पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहावा, पण त्याआधी पीठ फसफसते म्हणजे काय, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. उज्जैनीसारख्या नगरात तर हे अधिकच अगत्याचे आहे. येथील मराठी मुलाला ‘किण्वन’ हिंदी शाळेतही मिळेल. ‘फसफसणे’ त्याला घराखेरीज कोठेही मिळणार नाही.