फुकटाच्या सल्ल्याचे मोल

मध्य प्रदेशात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बालाघाट जिल्ह्यात धान उत्पादकाला सल्ला दोन ठिकाणी मिळतो. एक बडगावचे कृषी विज्ञान केंद्र, जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतले; दुसरे, बाजारातले खत-औषधांचे दुकान. रोवणीनंतर पीक पिवळे पडू लागले की पावले बहुधा दुकानाकडे वळतात. दुकान जवळ असते, उधारीही देते. कृषी विज्ञान केंद्राच्या ठरीव आकृतिबंधात पदे 16, त्यांत विषयतज्ज्ञ सहा. जिल्ह्यात गावे हजाराहून अधिक. मग सल्ल्याचे काम सरळ बाजारावर का सोपवू नये?

उत्तर बांधीतच सापडते. धानावर तपकिरी तुडतुडे आले, की ते चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर रस शोषत बसतात. अशा वेळी बांधीतले पाणी काढावे, युरिया थांबवावा. रोवणीतच मधे पट्टे मोकळे सोडलेले असावेत. कीड नुकसानीच्या पातळीवर गेली तरच औषध, तेही बुंध्याशी. भलते औषध फवारले तर तुडतुड्यांना खाणारे कोळी मरतात आणि कीड उलट वाढते. या सल्ल्यातला मोठा भाग ‘करू नका’ असा आहे. त्याची पावती फाडता येत नाही. विक्रीवर पोट असलेल्याकडून तो निघावा कसा?

म्हणून खासगी व्यवस्था वाईट ठरत नाही. आयटीसी कंपनीने 2000 मध्ये ई-चौपाल ही गावातल्या संगणक केंद्रांची योजना सुरू केली ती मध्य प्रदेशातच, आणि सोयाबीनवाल्याला बाजारभाव गावात कळू लागला. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्तार संस्थेने 2003 पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी पदविका चालवली, तीही उपयोगी. पण शिकलेल्या विक्रेत्याचा नफाही विक्रीतूनच येतो.

सरकारी माणूस बांधावर दिसत नाही, हा आक्षेप खरा आहे. 2013 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शंभरातल्या सुमारे 59 शेतकरी कुटुंबांना कुठूनही तांत्रिक सल्ला मिळालेला नव्हता. पण यात सरकारीबरोबर खासगी स्रोतही मोजले होते. म्हणजे सरकारने सोडलेली जागा बाजारानेही भरली नव्हती. काही जागा तर बाजार भरणारही नाही. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरचे बी राखून पिकवता येणाऱ्या अशा वाणात बियाणे कंपनीला काय मिळणार?

तेव्हा वाटणी स्पष्ट हवी. माल, भाव, पुरवठा बाजाराने सांभाळावा. ज्यात कुणाची विक्री नाही तो सल्ला सरकारने द्यावा, आणि त्यासाठी कृषी विज्ञान केंद्राला माणसे व गाडीखर्च पुरवावा.