जो-तो आणि हू-विच



या अंकासाठी मी इंग्रजी व्याकरणातला एक विषय निवडला आहे. विषय जरा कठीण वाटतो, पण त्याची किल्ली आपल्या मराठीतच आहे. इंग्रजी वाक्ये मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे सर्वांना ती वाचता येतील.

‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ हीसुद्धा घरोघर ऐकू येते. या म्हणी नीट पाहा. आधी ‘ज्याच्या’, मग ‘तो’. आधी ‘ज्याचं’, मग ‘त्याला’. ‘ज’ आला की मागोमाग ‘त’ येतोच. जणू एका जुवाला जुंपलेली बैलजोडी! जो, जी, जे यांना मराठी व्याकरणात संबंधी सर्वनामे म्हणतात. इंग्रजीत हेच काम हू, हूज, हूम, विच आणि दॅट हे शब्द करतात. त्यांचे तिकडचे नाव ‘रिलेटिव्ह प्रोनाउन’.

आता एकेक नियम पाहू.

पहिला नियम : इंग्रजीत बैल एकच.

मराठी वाक्य : जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.
इंग्रजी वाक्य : ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर.’

मग ‘तो’ कुठे गेला? इंग्रजीत तो लागतच नाही. आपण मराठीत विचार करतो आणि सवयीने ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असे लिहून मोकळे होतो. त्यातला ‘ही’ म्हणजे मराठीतून पळून आलेला ‘तो’. त्याला खोडून टाकावे. वाक्य लगेच शुद्ध होते.

दुसरा नियम : ज्याच्याविषयी बोलायचे, त्याच्या शेजारीच बसावे.

मराठीत ‘जो’ आधी येतो आणि ‘मुलगा’ नंतर. इंग्रजीत उलटे. आधी ‘बॉय’ आणि त्याला लागूनच ‘हू’. जागा चुकली की गंमत होते. ‘द डॉग ऑफ माय अंकल हू बार्क्स ॲट नाइट’ असे लिहिले, तर रात्री कुत्रा भुंकत नाही, काका भुंकतात! कारण ‘हू’ काकांच्या शेजारी जाऊन बसला. त्याऐवजी असे लिहावे : ‘माय अंकल हॅज अ डॉग विच बार्क्स ॲट नाइट.’ आता काकांना राग येणार नाही.

तिसरा नियम : माणूस की वस्तू, ते पाहावे.

मराठीत मुलगा असेल तर जो, मुलगी असेल तर जी, मूल असेल तर जे. इंग्रजीत ही कटकट नाही. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही ‘हू’. वस्तू असेल तर ‘विच’. जनावरालाही बहुधा ‘विच’च. ‘दॅट’ मात्र माणूस, जनावर, वस्तू सगळ्यांना चालतो. ‘हूज’ म्हणजे ज्याचा, जिचा, ज्यांचा. ‘द गर्ल हूज पेन इज लॉस्ट’ म्हणजे जिचा पेन हरवला ती मुलगी.

‘द हाउस दॅट जॅक बिल्ट’ नावाचे एक जुने इंग्रजी बालगीत आहे. रँडॉल्फ कॉल्डेकॉट या चित्रकाराने १८७८ साली त्याचे चित्रपुस्तक काढले. त्या गीतात ‘दॅट’ला ‘दॅट’ जोडत वाक्य वाढत जाते. आपणही असा खेळ खेळू शकतो. ‘धिस इज द वेल.’ मग ‘धिस इज द फार्मर दॅट डग द वेल.’ मग ‘धिस इज द काउ दॅट फॉलोज द फार्मर दॅट डग द वेल.’ विहीर, विहीर खणणारा शेतकरी, त्याच्या मागे जाणारी गाय. मधल्या सुट्टीत करून पाहा, खूप हसाल.

चौथा नियम : ‘ज्याने’ आणि ‘ज्याला’ यांत घोटाळा करू नये.

हा नियम पालकांनीही वाचावा, ही विनंती. समजा बैलबाजारातल्या एका कागदावर इंग्रजीत लिहिले आहे : ‘द फार्मर हू सोल्ड द बुलक शुड साइन हिअर.’ म्हणजे ज्याने बैल विकला त्याने येथे सही करावी. दुसऱ्या कागदावर लिहिले आहे : ‘द फार्मर टू हूम द बुलक वॉज सोल्ड शुड साइन हिअर.’ म्हणजे ज्याला बैल विकला त्याने सही करावी. दोन्हीकडे शेतकरी आहे, बैल आहे, सही आहे. पण एकात विकणारा आणि दुसऱ्यात घेणारा! मुख्य फरक ‘हू’ आणि ‘टू हूम’ यांचा. घरी इंग्रजी कागद आला की मोठी माणसे आपल्याकडेच देतात आणि म्हणतात, “बाळ, वाच बरं काय लिहिलंय.” तेव्हा हे दोन शब्द ओळखता आले नाहीत, तर भलत्याचीच सही भलत्या जागी जायची.

पाचवा नियम : स्वल्पविराम उगाच देऊ नये.

‘माय ब्रदर हू इज इन द आर्मी केम होम’ म्हणजे मला भाऊ अनेक, त्यांतला जो सैन्यात आहे तो घरी आला. ‘माय ब्रदर, हू इज इन द आर्मी, केम होम’ म्हणजे भाऊ कोणता ते आधीच ठाऊक आहे. तो घरी आला आणि सैन्यात असल्याचे जाता जाता सांगितले. दोन छोट्या स्वल्पविरामांनी घरातली माणसेच बदलली! असे स्वल्पविराम असतील, तेथे ‘दॅट’ वापरू नये. हू किंवा विच वापरावे.

मला वाटते, इंग्रजीची भीती वाटते ती शब्दांमुळे कमी आणि जोडणीमुळे जास्त. शब्द कोशात सापडतात. पण कोण कोणाला जोडले आहे, हे आपले आपल्यालाच पाहावे लागते. म्हणून लांब इंग्रजी वाक्य दिसले की आधी हू किंवा विच शोधा, त्याच्या डावीकडचा शब्द बोटाने दाखवा आणि मनात ‘जो’, ‘जी’, ‘ज्याने’, ‘ज्याला’ लावून पाहा. बहुतेक वेळा अर्थ आपोआप उलगडतो.

आता थोडा स्वाध्याय. रिकाम्या जागा भरा :

१) द मॅन —— सेल्स मिल्क इज हिअर.
२) द ट्री —— फेल यस्टरडे वॉज ओल्ड.
३) द बॉय —— फादर इज अ टेलर इज माय फ्रेंड.

उत्तरे : १) हू, २) विच, ३) हूज. पहिल्या दोन्हींत ‘दॅट’ही चालेल. तिसऱ्यात का चालणार नाही, ते शेजारच्या मित्राला समजावून सांगा. ज्याला सांगता येईल, त्याला हा धडा आला!

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी