नऊ खुर्च्या, शंभर सिनेटर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली एक जागा रिकामी झाली, की आपल्या वर्तमानपत्रांतही चार दिवस ‘रिपब्लिकन न्यायमूर्ती’, ‘डेमोक्रॅट न्यायमूर्ती’ असे शब्द फिरू लागतात. त्यांच्याबरोबर बरीच ऐकीव माहितीही येते. त्या देशाच्या राज्यघटनेत या नेमणुकीबद्दल जेमतेम एक वाक्यांश आहे. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचे आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करायची, एवढेच. सुनावणी, मुदत, वयाची अट, कायद्याची पदवी यांचा उल्लेखही नाही. न्यायमूर्ती नऊच असावेत असेही घटना म्हणत नाही. सुरुवातीला ते सहा होते, यादवी युद्धाच्या काळात दहा झाले आणि १८६९ पासून नऊ आहेत. उरलेली मोकळी जागा प्रथा, नियम आणि राजकारणाने भरून काढली. बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

‘पूर्वी हे सगळे सभ्यपणे चालायचे; १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांच्यापासून बिघडले’

हा सर्वांत लाडका गैरसमज. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरन्यायाधीशपदासाठी सुचवलेले जॉन रटलेज यांना सिनेटने १७९५ मध्ये १४ विरुद्ध १० मतांनी घरी पाठवले. त्यांनी चार्ल्सटनच्या सभेत ब्रिटनबरोबरच्या ‘जे’ कराराची सालटी काढली होती आणि तो करार सत्ताधाऱ्यांना प्रिय होता. म्हणजे देशाचा कारभार सुरू होऊन सात वर्षे होत नाहीत तोच नेमणूक राजकारणात अडकली.

१९१६ चे लुई ब्रँडाइस यांचे प्रकरण तर आजच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांना शोभले असते. रेल्वे कंपन्यांना आणि बड्या भांडवलदारांना न्यायालयात घाम फोडणारा वकील, आणि वर ज्यू. या न्यायालयावर तोवर एकही ज्यू न्यायमूर्ती आलेला नव्हता. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट आणि वकील संघटनेचे अनेक माजी अध्यक्ष त्यांच्या विरोधात उभे राहिले. एखाद्या नेमणुकीवर पहिल्यांदाच जाहीर सुनावणी झाली, साक्षीदारांची रांग लागली. ब्रँडाइस स्वतः मात्र तिथे फिरकले नाहीत. उमेदवाराने हजर राहावे अशी रीतच तेव्हा नव्हती. चार महिन्यांच्या रस्सीखेचीनंतर ते ४७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाले, आणि ती मतेही बहुतांशी पक्षाच्या रेषेवरच पडली होती.

मग बदलले काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भांडणे कडाक्याची होत, पण ती पक्षाच्या कुंपणाआड कोंडलेली नसत. निक्सन यांनी १९७० मध्ये हॅरल्ड कार्सवेल यांचे नाव पाठवले. त्यांची कारकीर्द सामान्य आहे अशी टीका झाली, तेव्हा नेब्रास्काचे सिनेटर रोमन ह्रुस्का त्यांच्या मदतीला धावले. सामान्य कुवतीची माणसेही देशात पुष्कळ आहेत, त्यांनाही थोडे प्रतिनिधित्व नको का, असा त्यांचा सवाल. असा कैवारी लाभल्यावर वेगळा विरोधक कशाला हवा! कार्सवेल ५१ विरुद्ध ४५ मतांनी पडले आणि त्यांना पाडणाऱ्यांत निक्सन यांच्याच पक्षाचे १३ जण होते. रेगन यांचे उमेदवार बोर्क पडले, तेव्हा त्यांच्याही विरोधात सहा रिपब्लिकन गेले. क्लॅरेन्स थॉमस १९९१ मध्ये ५२ विरुद्ध ४८ असे काठावर तरले, ते ११ डेमोक्रॅट सिनेटरांच्या मतांवर.

आकड्यांकडे नुसती नजर टाकली तरी उतरण दिसते. पक्के उजवे स्कालिया १९८६ मध्ये ९८ विरुद्ध ०. उदारमतवादी रूथ बेडर गिन्सबर्ग १९९३ मध्ये ९६ विरुद्ध ३. रॉबर्ट्स २००५ मध्ये ७८ विरुद्ध २२, केगन २०१० मध्ये ६३ विरुद्ध ३७, कॅव्हनॉ २०१८ मध्ये ५० विरुद्ध ४८, बॅरेट २०२० मध्ये ५२ विरुद्ध ४८. बॅरेट यांना समोरच्या पक्षाचे एकही मत मिळाले नाही. उमेदवाराची विद्वत्ता या काळात घटली असे कोणी म्हणणार नाही. घटली ती समोरच्या बाकावरून मत देण्याची मुभा.

कॅव्हनॉ यांच्या वेळी दोन मते कमी का, याची गोष्ट मला त्या कडवट पर्वातही गोड वाटते. मोन्टानाचे स्टीव्ह डेन्स यांच्या मुलीचे लग्न नेमके त्याच दिवशी होते. त्यांच्याच पक्षाच्या लिसा मर्कोव्स्की यांचा कॅव्हनॉ यांना विरोध होता. पण डेन्स यांना लग्नमांडवातून विमान पकडून धावावे लागू नये म्हणून त्यांनी आपले विरोधी मत न देता फक्त ‘हजर’ एवढीच नोंद केली. जुन्या सिनेटचा शिष्टाचार असा अधूनमधून डोके वर काढतो.

‘साठ मतांची अट घटनेतच आहे’

नाही. घटनेला साधे बहुमत पुरते. साठ मते लागत ती चर्चा संपवून मतदान घ्यायला, आणि तो सिनेटचा घरचा नियम. २०१३ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचे हॅरी रीड यांनी तो खालच्या न्यायालयांपुरता मोडीत काढला. २०१७ मध्ये ट्रम्प यांचे उमेदवार गोर्सच यांच्यासाठी रिपब्लिकनांच्या मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयाचीही कवाडे उघडली. ‘सुरुवात त्यांनी केली’ हे पालुपद म्हणूनच दोघांनाही आळवता येते.

‘निवडणुकीच्या वर्षी नेमणूक करायची नाही, असा संकेत आहे’

१३ फेब्रुवारी २०१६ ला स्कालिया गेले आणि त्याच दिवशी मॅकॉनेल यांनी जाहीर केले, की ही जागा पुढचा राष्ट्राध्यक्ष भरेल. मतदारांना ठरवू द्या. ओबामा यांनी मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले. ते २९३ दिवस पडून राहिले. सुनावणी नाही, मतदान नाही, अखेर मुदत संपून आपोआप बाद. मग १८ सप्टेंबर २०२० ला गिन्सबर्ग गेल्या. मतदान ३ नोव्हेंबरला होते. बॅरेट २६ ऑक्टोबरला मंजूर झाल्यासुद्धा! राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाकडे असतील तर गोष्ट वेगळी, असा खुलासा झाला.

संकेत म्हणावा तर ब्रँडाइसही निवडणुकीच्याच वर्षी मंजूर झाले होते. अँथनी केनेडी यांना १९८८ मध्ये, म्हणजे रेगन यांच्या शेवटच्या वर्षात, डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटने ९७ विरुद्ध ० अशी संमती दिली. जागा मात्र आदल्या वर्षी रिकामी झाली होती. सिनेटमधले बहुमत कोणाचे आणि ते वापरायची छाती किती, यावर सगळे ठरते. दोन्हीकडचे पुढारी हे जाणून असतात. वचने आणि तत्त्वे ऐकून गोंधळतो तो श्रोता.

‘सुनावणीत उमेदवाराचा कस लागतो’

गिन्सबर्ग यांनी १९९३ मध्ये पायंडा घट्ट केला: उद्या आपल्यापुढे येऊ शकेल अशा प्रश्नावर आज सूचक अक्षरही बोलायचे नाही. तेव्हापासून उमेदवार तासन्‌तास न बोलता बोलतात. टेबलावर कोणती टिपणे ठेवली आहेत, असे एका सिनेटरने बॅरेट यांना विचारले, तेव्हा त्यांनी कोरी वही उचलून दाखवली. समर्थकांना त्यात तल्लख स्मरणशक्ती दिसली. मला तर साऱ्या सुनावणीचाच सारांश दिसला.

‘ज्याने नेमले त्याचीच तळी उचलतात’

हे अर्धे खरे आहे. आयझेनहॉवर यांनी नेमलेले अर्ल वॉरन आणि फोर्ड यांनी नेमलेले जॉन पॉल स्टीव्हन्स हे दोघेही उदारमतवादी गटाचे म्होरके ठरले. कार्सवेल पडल्यावर निक्सन यांनी पाठवलेले हॅरी ब्लॅकमन यांनीच गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा निकाल लिहिला. असे चकवे पुन्हा बसू नयेत म्हणून आता उमेदवार वर्षानुवर्षे आधीपासून पारखून घेतात. २०१० मध्ये स्टीव्हन्स निवृत्त झाल्यापासून वैचारिक रेषा आणि पक्षाची रेषा जवळजवळ एकावर एक बसली आहे. तरीही नेमणूक आजन्म असल्याने नेमणाऱ्याच्या हाती पुढे काही उरत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे चार राज्यांतले निकाल फिरवा, हा टेक्सासचा अर्ज डिसेंबर २०२० मध्ये याच न्यायालयाने दारातूनच परतवला. तोवर ट्रम्प यांनी नेमलेले तिघेही तिथे रुजू झालेले होते.

‘आपल्याकडे हे नाही, कारण आपल्याकडे संसदेचे मतदान नाही’

हा प्रश्न आपल्या संविधान सभेत २४ मे १९४९ ला चर्चेला आला होता. विधिमंडळाच्या संमतीची अमेरिकी पद्धत बोजड आहे आणि तिच्यातून राजकीय दबाव शिरू शकतो, असे सांगत डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सारे सरकारवर सोपवण्याची ब्रिटिश पद्धतही त्यांना धोक्याची वाटत होती आणि सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार देणेही. सुवर्णमध्य म्हणून सल्लामसलतीची तरतूद आली. तरी केशवानंद भारती निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ एप्रिल १९७३ ला, शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून अजित नाथ रे यांचे नाव सरन्यायाधीशपदासाठी जाहीर झाले, तेही कोणत्याही सुनावणीविना. पुढे १९९३ च्या निकालाने अधिकाराचा काटा न्यायमूर्तींकडे, म्हणजे कॉलेजियमकडे झुकला. त्याला पर्याय म्हणून आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने रद्द केला. वॉशिंग्टनमध्ये कोणत्या सिनेटरने कोणाच्या बाजूने मत दिले, ते नावानिशी नोंदलेले असते. कॉलेजियमच्या बैठकीतली चर्चा माहितीच्या अधिकारात मागता येत नाही, फक्त अंतिम ठराव जाहीर होतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.