धावपटूलाही डोंगर नडतो

मैदानाला दहा चकरा मारूनही ज्याला धाप लागत नाही, असा एखादा दादा तुमच्या ओळखीचा असेलच. आणि दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहणारे एखादे काकाही. दोघं एकाच विमानानं लेहला, म्हणजे सुमारे 3,500 मीटर उंचीवर उतरले, तर फुप्फुसांत पाणी कुणाच्या होईल?

काकांच्या? पैज लावू नका! दादाच्याही होऊ शकतं.

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो. पण हवाच विरळ, त्यामुळे लेहला दर श्वासात मुंबईच्या साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. आता फुप्फुसांची एक सवय ऐका. एखाद्या कोपऱ्यात हवा पोचली नाही, की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळतं. खाली मैदानात ही सवय फार कामाची. पण डोंगरावर सगळ्याच कोपऱ्यांत ऑक्सिजन कमी! मग बहुतेक वाहिन्या आकसतात, काही मात्र उघड्या राहतात. चाळीतले चार नळ बंद केले की पाचवा कसा धो धो वाहतो, तसं रक्त त्या उघड्या वाहिन्यांत जोरानं घुसतं. तिथली भिंत केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. ती झिरपते आणि हवेच्या फुग्यांत पाणी साचतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खोकला सुरू होतो, बसल्या जागी दम लागतो. अशा वेळी ऑक्सिजन द्यायचा आणि लगेच खाली उतरवायचं. ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही!

ही सवय कुणात बेताची, कुणात अतिरेकी. कसलेले स्नायू ती बदलू शकत नाहीत. उलट दादा भराभर चढतो, रक्त जास्त वाहतं, दाब आणखी वाढतो.

आल्प्समध्ये 4,559 मीटरवर मार्गेरिटा नावाचा निवारा आहे. आधी हा आजार होऊन गेलेले 21 गिर्यारोहक तिथे भराभर चढले. त्यांच्यावरचा प्रयोग 1991 साली छापून आला. वाहिन्या सैलावणारं औषध घेतलेल्या 10 जणांपैकी एकच आजारी पडला, खोटी गोळी घेतलेल्या 11 पैकी 7! अशा माणसांना खाली, साध्या हवेत सायकल मारायला लावली, तरी त्यांच्या फुप्फुसांच्या धमनीतला दाब इतरांपेक्षा जास्त चढतो.

याकनं ही सवय जवळजवळ सोडूनच दिली आहे. त्याच्या वाहिन्या फारशा आकसत नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच कुरणांतल्या काही गाईंचं हृदय मात्र या दाबानं थकतं आणि छातीखाली सूज येते. हा दोष वासरांतही उतरतो. म्हणून तिथले अनेक गोपालक वळू विकत घेण्याआधी त्याच्या फुप्फुसांच्या धमनीतला दाब मोजून घेतात.