भाताच्या खळ्यापासून पापडाच्या पाकिटापर्यंत

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कर्जत व खालापूर हे तालुके मुख्यत्वे भाताचे होत. कर्जत येथे १९१९ सालापासून भातावर संशोधन चालू असून तेथे निघालेल्या अनेक वाणांना कर्जत हेच नाव मिळाले आहे. परंतु वाण कितीही उत्तम असला, तरी खळ्यावरील हयगय त्याचे मोल घालविते.

कापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस येतो. ओलसर भात घाईने पोत्यांत भरले म्हणजे ते आतून तापते, दाणा पिवळा पडतो व बुरशी धरते. अशा तांदळाचे पीठ महिला बचत गटाच्या पापडांत गेले, तर बोल लागतो तो पापड लाटणाऱ्या हातांना. शिवाय काही बुरशींचे विष तळण्याभाजण्यानेही पुरते नाहीसे होत नाही. सबब, चूक शेवटी निस्तरू असे म्हणून चालत नाही.

हीच गोष्ट मोठ्या कारखान्यांनाही शिकावी लागली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना असे आढळून आले की, केवळ तयार मालाच्या तपासणीने खात्री देता येत नाही. म्हणून धोका कोणत्या टप्प्यावर शिरतो ते हेरून तेथेच पहारा ठेवण्याची पद्धत निघाली. १९९३ साली आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरविणाऱ्या कोडेक्स आयोगाने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली.

आपल्या गावी पहिला पहारा वाळवणावर हवा. भात दोन ते चार सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरून वरचेवर हालवावे. फार कडक उन्हात ते एकदम वाळवू नये. दाण्यास तडे जाऊन गिरणीत कणी अधिक पडते. साठवणीच्या वेळी ओल १४ टक्क्यांहून अधिक नसावी.

यंत्र नसल्यास पुढील परीक्षा करावी. कोरड्या काचेच्या बरणीत थोडे कोरडे मीठ व तिच्या तृतीयांशाइतके भात घालून मिनिटभर हालवावे व बरणी स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटून राहिले, तर ओल साधारण १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे व भात पुन्हा उन्हात घालावे. मीठ न चिकटल्यासही आणखी एक ऊन देणे हिताचे.

दुसरा पहारा साठवणीवर. पोती भुईवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. तिसरा पापडांच्या वाळवणावर. ते पूर्ण वाळून थंड झाल्यावाचून पाकिटांत भरू नयेत.

या तिन्ही ठिकाणची नोंद साध्या वहीत ठेवावी: तारीख, भात कोणाचे, परीक्षेत काय दिसले व पाकिटे कोणास विकली. तक्रार आल्यास दोषी घाणा नेमका ओळखता येतो आणि बाकीचा माल वाचतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये लहान उत्पादकासही नोंदणी आवश्यक आहे. तीही करून घ्यावी.

ग्रामसेवकांनी येत्या हंगामात ही बरणीची परीक्षा खळ्यावर प्रत्यक्ष करून दाखवावी. सांगितलेले विसरले जाते. डोळ्यांनी पाहिलेले ध्यानात राहते.