पडदा शोधणारा प्रोग्राम

सकाळी साडेनऊला पतसंस्थेच्या मॅनेजरांचा फोन. "मॅडम, थकबाकीची पत्रं निघालीच नाहीत." आदल्या संध्याकाळी मी स्वतः बसून तीच आज्ञा चालवली होती; लिब्रेऑफिसने पत्रांच्या पीडीएफ भराभर काढल्या होत्या. रात्री दोनला ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनने ती चालवली आणि एकही नाही. लॉगमध्ये तक्रार एवढीच, की डिस्प्ले उघडता येत नाही.

चूक माझीच. लिनक्सवर खिडकीवाला प्रोग्राम सहसा पडद्यावर थेट काही काढत नाही. तो डिस्प्ले सर्व्हरला सांगतो, मग सर्व्हर काढतो. 1984 साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीमपासूनची ही रीत. हा सर्व्हर कुठे आहे, ते 'डिस्प्ले' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतं. मी लॉगिन केलं की ते आपोआप भरतं. क्रॉनच्या वाट्याला ते येत नाही.

एक तोड म्हणजे एक्सव्हीएफबी, मेमरीतला खोटा पडदा. चालतो, पण रात्रभर सांभाळायला आणखी एक प्रोग्राम कशाला? लिब्रेऑफिसच्या आज्ञेत '--हेडलेस' लिहिलं की ते पडदा मागतच नाही, पानं मेमरीतच रंगवतं. हे सुरू होतानाच सांगावं लागतं. खिडकी मागून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. तिसऱ्या रात्री पुन्हा शून्य. आदल्या रात्रीचं लिब्रेऑफिस एका बिघडलेल्या फाइलवर अडकून तसंच जिवंत होतं. युजर प्रोफाइल एकच असल्यामुळे नवी आज्ञा वेगळी सुरू न होता त्या अडकलेल्याच्याच गळ्यात पडली. आता दर वेळी '-एन्व्ह:युजरइन्स्टॉलेशन' लिहून वेगळं प्रोफाइल देते, आणि दहा मिनिटांत संपलं नाही तर टाइमआउटने बंद करते.

मग पीडीएफ आल्या, पण खातेदारांच्या नावांच्या जागी चौकोन! पतसंस्थेच्या नव्या मशीनवर देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो सान्स देवनागरी टाकला. मॅनेजरांच्या लेखी खरी दुरुस्ती तीच.

तुम्हीही असं काही रात्रीवर सोपवणार असाल, तर आधी टर्मिनलवर 'अनसेट डिस्प्ले' करून दिवसाउजेडी एकदा चालवून बघा.